मोराच्या टेपाचा ठराव

उशिरा पिकणारं गरवं भात पिवळं पडायला लागलं, की मला अन्न नीट जात नाही. खरं तर वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस हेच. पाऊस सरलेला असतो, चिखल वाळून पायाला टणक लागतो, सकाळी बांधावर दव असतं आणि कापलेल्या भाताच्या मागे राहिलेल्या धसांतून असा वास येतो की त्यापुढे देवळातला धूपही फिका वाटावा. चार महिने ढगात हरवलेला माथेरानचा डोंगर एकदम जवळ येऊन उभा राहतो. यंदाही तसंच आहे. गावातले निम्मे पुरुष आता खोपोलीच्या कारखान्यांत जातात, त्यामुळे कापणी बहुतेक आम्ही बायकाच करतो. काल बांधावर भाकरीची फडकी सोडून बसलो होतो, तर लांब कुठेतरी सुरुंग उडाला. दबका आवाज, कानांपेक्षा तळव्यांना जास्त कळणारा. बाकीच्या बायकांनी मानही वर केली नाही. माझा घास हातातच राहिला.

"काय गं, काय झालं?" शेजारच्या रखमानं विचारलं.

"काय नाय. ठसका लागला."

ठसका नव्हता. लोकांना या दिवसांत दिवाळी आठवते. मला ग्रामपंचायतीची एक सभा आठवते.

आमच्या जिल्ह्याचं तोंड समुद्राकडे, आणि आम्ही त्याच्या पाठीकडे. जिल्ह्याला आता रायगड म्हणतात. तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं, ते अलिबागच्या समोर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्यावरून पडलेलं. तो किल्ला आमच्या पळसोंड्यातल्या एकाही बाईनं पाहिलेला नव्हता. पण जिल्हा परिषद अलिबागला, कलेक्टर अलिबागला, आमचं सगळं बरंवाईट ठरायचं ते तिथे, खाऱ्या वाऱ्यात. त्याखाली कर्जतची पंचायत समिती. आणि सगळ्यांत खाली, भातखाचरांच्या मधोमध, आमची ग्रामपंचायत. म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली एक कौलारू खोली, तिच्यात एक टेबल, दोन बाकं आणि एक कपाट.

गावाला रस्ता नव्हता. कर्जतच्या सडकेपर्यंत जायचं तर खाचरांच्या बांधांवरून, मग ओढ्यातून. ओढ्यावर मोरी नाही, साकव नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की गाव ते उतरेपर्यंत जिथल्या तिथे. रस्त्याचं काय झालं असं कुणी विचारलं, की एकच उत्तर मिळायचं, "कागद अलिबागला गेलाय." आमचे सरपंच पेणवरून एसटीनं अलिबागच्या खेपा घालायचे आणि येताना सुके बोंबील घेऊन यायचे. लोक म्हणायचे, "सरपंचांनी रस्ता आनला, पन त्याला वास मारतोय."

हे सरपंच म्हणजे माझे मोठे दीर. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं आणि मीही. सासरे लवकर गेले, तेव्हा माझ्या नवऱ्याला दादांनीच वाढवलं, खोपोलीच्या कागद कारखान्यात चिकटवलं, माझ्याशी लग्न लावून दिलं. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला मी आक्का म्हणायची. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला चुलीवर भाताची पेज किती वेळ ठेवायची तेही माहीत नव्हतं. सासू नसलेल्या घरात आक्कानं मला सासूसारखं रागावून आणि आईसारखं जेवू घालून शिकवलं. आमचं सगळं एकत्र होतं. एक चूल, एक खळं, एक गोठा.

माझं माहेर नेरळजवळ, सडकेला लागून. मी सातवी झालेली. पंचायतीत दोन बाया घ्याव्यात असा कायदा होता, आणि निवडून तर कुणी येत नव्हती. दादांनी एक जागा मला दिली आणि दुसरी ठाकरवाडीतल्या सोमीला. "इंदे, सई करता येती ना तुला? मग झालं," एवढंच ते म्हणाले होते. सोमी अंगठा द्यायची. सभेला पुरुष बाकांवर बसायचे, आम्ही दोघी दाराजवळ घोंगडीवर. आम्हाला कुणी काही विचारत नसे आणि आम्हीही बोलत नसू. सोमी माझ्याहून थोडी मोठी. अंगानं काटक, हसली की डोळे मिटायची. ती आमच्या कापणीला यायची, विळा असा चालवायची की माझी एक ओळ होईपर्यंत तिच्या दोन झालेल्या असत. सभेत कंटाळा आला, की ती माझ्या कानात सगळ्यांच्या नकला करायची आणि मला पदर तोंडात कोंबून बसावं लागायचं.

त्याच वर्षांत खाडीच्या अंगाला नवीन शहर उभं राहत होतं. पनवेलच्या पुढची खाचरं, मिठागरं सरकारनं घ्यायला सुरुवात केली होती. तिकडचे आमचे पाहुणे लग्नाकार्यात भेटले की दुसरं बोलणंच नसायचं. कुणाची जमीन गेली, कुणाची जाणार, तिथे म्हणे दर्यात भर टाकून सडका करणार. शहर म्हणजे काय, हे कुणी मला नकाशावर दाखवलं नाही. मला ते दगड म्हणूनच कळलं. खाडीला खडी हवी होती, आणि दगड खाडीकडे नसतो, आमच्याकडे असतो.

आमच्या गावावर मोराचं टेप म्हणून एक टेकाड आहे. काळ्या फत्तराचं, वरून बोडकं. त्याच्या खांद्याला ठाकरवाडी. पंधरावीस कुडाची घरं, उतारावर नागलीचे आणि वरीचे तुकडे, आणि वर फक्त दगड. त्या दगडासाठी पनवेलकडचा एक ठेकेदार आला. पांढरे कपडे, गोड बोलणं. त्यानं सगळं टेप पायी फिरून पाहिलं आणि मग आमच्या ओटीवर बसून चहा पीत दादांना म्हणाला, "सरपंच, मला तुमचा दगड नेता यायला हवा, म्हणजे रस्ता मलाच करावा लागणार. ओढ्यावर मोरी बांधीन. दगड माझा, रस्ता तुमचा. पंचायतीचा ना-हरकत ठराव तेवढा द्या."

मी आतून दादांचा चेहरा पाहत होते. अलिबागच्या इतक्या खेपांत जे मिळालं नाही, ते आपल्या ओटीवर चहा पीत बसलंय, असा तो चेहरा होता. कुणी म्हणेल, त्यांना काही मिळणार असेल. नाही. दादांना रस्ता का हवा होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. आक्काला एक मुलगी होती, कुसुम. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या श्रावणात तिला ताप आला. तापात ती आचके द्यायला लागली. बांबूला घोंगडी बांधून, झोळीत घालून तिला कर्जतला न्यायला निघाले, तर ओढा दोन्ही काठ भरून चाललेला. दादा, आक्का, चार माणसं, सगळी काठावर पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली. पाणी उतरलं, पण त्याआधीच पोर गेली. ओढ्याच्या अलीकडेच.

त्यामुळे ठेकेदाराच्या बोलण्यानं आमच्या घरात जे झालं, ते आनंदासारखंही नव्हतं. आक्का त्या दिवशी भाकऱ्या थापताना मधेच थांबली आणि मला म्हणाली, "मोरी पक्की व्हईल म्हनं."

मी तेव्हा गरोदर होते. सातवा सरत आला होता.

ठराव सभेसमोर यायचा होता, त्याच्या आधी ठेकेदाराच्या माणसांनी दगड कसा निघतो ते बघायला म्हणून एक सुरुंग लावला. आम्ही खालच्या खाचरात कापत होतो. ऊन डोक्यावर आलं म्हणून बांधावर बसलो. सोमी कांदा फोडत होती. एकदम जमीन हलली, आणि मग आवाज. सगळे बगळे एकदम उठले. टेपावर धूळ उडालेली दिसली आणि त्या धुळीतून एक काळं काहीतरी सुटून खाली यायला लागलं. आधी सावकाश, गडबडत, मग उड्या मारत. ते वाडीत शिरलं. मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, त्यामागून माणसांची ओरड.

सोमी विळा हातात तसाच धरून धावली. मीही पोट धरून तिच्यामागे. वाटेत मला कुणी थांबवलं की नाही ते आठवत नाही. वर पोचले तेव्हा म्हशीएवढा फत्तर सोमीच्या अंगणात येऊन बसला होता. घराची एक भिंत चेपलेली. नागली वाळत टाकलेली होती, ती सगळीकडे उधळलेली. सोमीची म्हातारी सासू त्या नागलीजवळ राखण करत बसायची. कोंबडी हाकलायला ती नुकतीच उठली होती, म्हणून वाचली. सोमी तिला चाचपून बघत होती, डोकं, हात, पाय. म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती. ती त्या दगडाकडे बघत होती आणि जो येईल त्याला एकच विचारत होती.

"ह्यो कुनाचा? ह्यो दगड कुनाचा?"



ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, पहिल्या खेपेला दारूचा अंदाज येत नाही, पुढे असं होणार नाही, घर बांधून देऊ. दादा धापा टाकत आले. त्यांनी दगड पाहिला, म्हातारीला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.  मग सोमीला म्हणाले, "सोमे, वाडी खाली सपाटीला आनू. चांगली कौलारू घरं मागून घेतो मी त्याच्याकडनं."

"आन आमची नागली, दादा?" सोमी म्हणाली. "ती बी सपाटीला आनशील?"

त्यानंतरचे दिवस मला भाताच्या वासासकट आठवतात. सभा ठरली होती. पंचायतीत आम्ही नऊ जण. दादांसकट चौघं ठरावाच्या बाजूचे, हे उघड होतं. वाडीचे आणि खालच्या आळीचे मिळून तिघं विरोधात, आणि सोमी धरून चार. राहिले मी. गावातल्या पोराटोरांनासुद्धा हा हिशेब पाठ झाला होता. पाणवठ्यावर गेले, की बोलणं थांबायचं. ज्या बायका एरवी माझ्या पोटाकडे बघून मुलगा की मुलगी ते सांगायच्या, त्या माझ्या हाताकडे बघायच्या.

आणि एक गोष्ट मला ग्रामसेवकानं सांगितली, अगदी सहज, मोठी गंमत असल्यासारखी. मतं सारखी पडली तर सरपंचांना निर्णायक मत असतं. म्हणजे मी गेले नाही, किंवा गेले आणि गप्प बसले, तरी ठराव पास. इतकी वर्षं दाराजवळ घोंगडीवर मी गप्प बसत आले होते, मला वाटायचं आपण कुणाच्याच बाजूला नाही. आता कळलं की माझ्या गप्प बसण्यालासुद्धा बाजू होती. ती आधीपासूनच ठरलेली होती. मला घेतलं होतं त्याच दिवशी.

हे कारखान्यातल्या पाळीवरून आले, तर अंगणात हातपाय धुता धुता म्हणाले, "सभेला जाऊ नकोस तू. दिवस अवघड आहेत, कुणी काही बोलणार नाही."

"मी गेले नाही तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ठाऊक आहे."

"मग?"

"दादांनी मला जन्मात काही मागितलं नाही, इंदू. आताही मागत नाहीत. म्हणूनच मला सुचत नाही." ते बराच वेळ टॉवेलानं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "तुला काय करायचंय ते कर. मला आधी सांगू नकोस. मला दादांसमोर जेवायला बसायचंय."

आक्का मात्र बोलली. आम्ही खळ्यावर झोडणी करत होतो. मला वाकता येत नव्हतं, मी पेंढ्या पुढे करत होते आणि ती फळीवर आपटत होती. दाणे तिच्या पायांवर उडत होते. आपटता आपटताच ती म्हणाली, "कुसुम असती तर आवंदा शाळंत गेली असती."

मी पुढची पेंढी दिली.

"मी माज्यासाठी सांगत नाय. माजं झालं. तुज्या पोटात हाय, त्याच्यासाठी सांगतेय." तिनं पेंढी आपटली. "त्या काठावर मी हुबी व्हते, इंदे. तू नव्हतीस. मी पान्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले, मंग पुन्यांदा शिव्या दिल्या. वाडीची घरं बांधून दील तो मानूस. पोर कोन बांधून दील?"

  तिचं सगळं खरं होतं. सोमीच्या सासूचंही खरं होतं. माझ्या पोटात ते मूल दोन्ही बाजूंनी लाथा मारत होतं.

सोमीनं मला काहीच सांगितलं नाही. आमच्या कापणीला ती आली, नेहमीसारखी दोन ओळी पुढे गेली. शेवटी मीच न राहवून विचारलं, "सोमे, तू काहीच का म्हणत नाहीस?"

"काय म्हनू? तुला तुजं घर हाय." ती धार बघत होती. "सभंला मी यीन, आन तुज्याजवळ बसंन. येवढंच मला करता येतं."

सभा दुपारी होती. कापलेल्या खाचरांतून, बांध मोडत, ठेकेदाराची जीप पार देवळाच्या आंब्याखाली येऊन थांबली होती. तोवर आमच्या गावात जीप कधी आली नव्हती. तिच्या कडेला माणसं गोळा झाली होती, खिडकीतून आत वाकून बघत होती. घरातून निघताना आक्का ओटीवर उभी होती. ती मला म्हणाली, "हळू जा. पाय बघून टाक." तेवढंच.

आम्ही घोंगडीवर बसलो. सोमीला कांद्याचा आणि घामाचा वास येत होता. दादांनी ठराव स्वतः वाचला. त्यांचा आवाज नेहमी खणखणीत, त्या दिवशी घोगरा झालेला. वाचून झाल्यावर म्हणाले, "कुनाला काय इचारायचं आसंल तर इचारा."

मी उठले. उठायला सोमीनं हात दिला. त्या खोलीत मी पहिल्यांदाच उभी राहत होते, आणि सगळ्या पुरुषांची तोंडं माझ्याकडे वळली.

"दादा, आधी रस्ता होणार का आधी दगड?"

कुणीतरी हसलं. दादा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. ते सहज म्हणू शकले असते की रस्ता आधी. सगळ्यांनी मान डोलावली असती.

"दगड आधी," दादा म्हणाले. "खडी निगाल्याशिवाय रस्ता कशाचा करनार? पह्यला सगळा माल तिकडं जायचा. मंग आपला रस्ता."

"आणि मग त्यानं केला नाही तर?"

"करंल. शबूद दिलाय."

"आपण अलिबागला विचारू का, दादा?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी सगळे हसले. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. माझ्या प्रश्नावरून त्यांना हसलेलं मला आवडलं नाही. पण मी खाली बसले.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. चार. मग दादांनी विचारलं, "विरोधात?" सोमीचा हात माझ्या खांद्याजवळून वर गेला. समोरच्या बाकावरचे तीन गेले. माझा हात मांडीवर होता आणि तो इतका जड झाला होता की तो माझा नव्हेच. मी ओढ्याचा काठ डोळ्यांसमोर आणला. मुद्दाम आणला, कारण त्याच्याकडे न बघता हात वर करणं मला चोरी वाटली असती. मग अंगणातला तो दगड आणला. आणि हात वर केला.

 ग्रामसेवक पेन धरून म्हणाला, "वहिनी, चुकून वर झाला का? तुमची तब्येत... सरपंच, आपण सभा तहकूब केली तर?"

"चुकून नाही," मी म्हटलं.

दादा खाली बघत होते. बाहेर जीपचा दरवाजा वाजला. मला वाटलं, आता ते माझ्यावर ओरडतील, आणि ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"हात वर झालाय," दादा ग्रामसेवकाला म्हणाले. "लिवा. ठराव नामंजूर."

मग ते उठले, जीपपाशी गेले, ठेकेदाराशी काहीतरी बोलले आणि बांधाची वाट सोडून, धसांतून, अनवाणी माणसासारखे तिरके पाय टाकत घराकडे गेले.

मी घरी पोचले तेव्हा ओटीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडलेले होते. त्यांच्यावर एक टोप, बाजूला मीठ, तांदूळ, थोडी सुकी मिरची. आक्का आत होती. तिनं मला हाकललं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त चूल वेगळी केली. मी त्या टोपात भात लावला. आतून तिच्या चुलीचा धूर येत होता आणि माझ्या चुलीचा आत जात होता. जेवताना हे दादांच्या ताटाशेजारी बसले, दोन घास खाल्ले आणि ताट घेऊन ओटीवर माझ्याजवळ आले. दादा म्हणाले, "जा, जा, तिकडं बस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही.

मार्गशीर्षात मी माहेरी जायची होते. त्याआधीच, एका गार सकाळी, शेण काढताना माझ्या कळा सुरू झाल्या. दिवस भरलेले नव्हते. हे पाळीवर गेलेले. गोठ्याच्या दारात मी मेढ धरून उभी होते, तिथे आक्का आली. सभेपासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पोटाला हात लावला आणि मागे वळून ओरडली, "अवो, झोळी बांदा!"

घोंगडीत पडल्या पडल्या मला वर फक्त बांबू, आभाळ आणि पुढच्या माणसाची मान दिसत होती. ती मान दादांची होती. पिकलेले केस, मानेवर ताणलेली शीर. वाटेत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. ओढ्यात तेव्हा घोट्याएवढंच पाणी होतं, पण दगड शेवाळलेले. मधोमध दादांचा पाय सरकला, बांबू कलला, मी किंचाळले. ते तसेच एका गुडघ्यावर टेकले, बांबू मात्र खांद्यावर धरून ठेवला. पलीकडच्या काठावर झोळी टेकवली. आक्कानं माझ्या तोंडात पाणी घातलं. 

"तुला कायबी झालं आसतं ना," ती दात आवळून म्हणाली, "तर मी तुला जल्मात माफ केलं नसतं."

दुपार व्हायच्या आत कर्जतच्या दवाखान्यात मुलगी झाली. एवढीशी, सोललेल्या उंदरासारखी. जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आक्कानं तिला कापसात गुंडाळून छातीशी धरलं ते घरी येईपर्यंत. हे म्हणाले, कुसुम नाव ठेवू. आक्का म्हणाली, "नको. एक नाव एकदाच." मुलीचं नाव शेवंता ठेवलं. ओटीवरचे तीन दगड पुढे पावसात आक्कानंच उचलून टाकले. पण मी बरोबर केलं, असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीत दादा पडले. रस्ता दोन उन्हाळ्यांनी रोजगार हमीतून झाला, ओढ्यातलेच गोटे फोडून. सोमी त्या कामावर होती, वाडीची निम्मी माणसं होती, आक्काही घमेली उचलायला जायची. दादा रोज येऊन कडेला उभे राहत आणि मोरीचा पाया खोल घ्या म्हणून सगळ्यांचं डोकं खात. पहिली एसटी आली तेव्हा ते तिच्यात बसले नाहीत. मोरीवर उभं राहून त्यांनी ती जाताना पाहिली.

आता सगळे म्हणतील, मग झालं की चांगलं. मलाही वाटलं होतं. पण दगड कुठूनतरी जाणारच होता. तो ठेकेदार खालापूरकडच्या एका गावात गेला. खोपोलीला जाताना एसटीतून त्या गावचा डोंगर दिसतो. दरवर्षी थोडा कमी. आधी शेंडा गेला, मग खांदा, आता मागचं आभाळ दिसतं. त्या गावात यांच्या कारखान्यातले एक सोबती राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या हळदीला गेलो, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, तुमच्या पंचायतीत तेव्हा कुणी बाई होती का?

"व्हती ना," घरची बाई म्हणाली. "आमची चुलत सासूच व्हती. बसलीय बघा तिकडं."

मांडवाच्या टोकाला एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. केसांत, भुवयांत पांढरी भुकटी; मला आधी ते वय वाटलं, मग कळलं, खाणीची धूळ. मी तिच्याजवळ बसले. इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, "आजी, खाणीचा ठराव झाला तेव्हा तुमी होता ना पंचायतीत?"

"व्हते."

"मग तुमी काय केलंत?"

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "मी काय करनार? मला कुनी इचारलं नाय. मी आपली गप बसले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "रस्ता केला त्यानं, खोटं कशाला बोलू? इस्टी दारात येती. तुज्या गावाला हाय का रस्ता?"

"आहे," मी म्हटलं. "उशिरा झाला."

"आन डोंगूर?"

"तोही आहे."

 तिच्या तोंडावर हेवा नव्हता, राग नव्हता. तिनं नुसती मान हलवली, दुसऱ्याच्या घरी मुलगा झाल्याचं ऐकून हलवावी तशी. मग पाहुण्या बाईला पाणीसुद्धा विचारलं नाही हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"निवळू दिलंय," ती म्हणाली. "तरी ऱ्हातंच थोडं."

पाणी गार होतं. पहिल्याच घोटाला दाताखाली कचकच लागली. ती समोर उभी राहून बघत होती. मी तांब्या खाली ठेवला नाही, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.